लेस लावलेली रायफल

रायफल घेतलीत, परवाना मिळाला, आता ती 'कस्टम', म्हणजे खास तुमच्यासाठी घडवलेली, आहे असं चारचौघांत सांगता यावं, ही तुमची इच्छा अगदी रास्त आहे. रेंजवर नुसते नेम धरणारे पुष्कळ असतात. त्यांच्याकडे बघतं कोण?

सुरुवात पिकॅटिनी रेलपासून करा. खाचाखाचांची ही पट्टी अमेरिकी लष्कराने १९९५ मध्ये प्रमाणित केली. हेतू असा, की कुठलीही दुर्बीण कुठल्याही बंदुकीवर खटकन बसावी. आता बघा, जी वस्तू कुणाच्याही बंदुकीवर बसते तीच तुमच्याही बंदुकीवर बसली, की तुमची बंदूक जगावेगळी झाली! मग बायपॉड, म्हणजे नळीखालचा दोन पायांचा टेकू, लावा, वाळवंटी रंगाचं कव्हर घाला, एखादी टॉर्च. वरळीच्या रेंजवर भर दुपारी टॉर्च कशाला, असं विचारणाऱ्यांना हौसेचं मोल कळत नाही.

एक सांभाळा. खऱ्या गनस्मिथच्या, म्हणजे बंदुकांच्या कारागिराच्या, नादी लागू नका. तो बॅरल (नळी) उतरवतो, ॲक्शनचं, म्हणजे काडतूस भरून उडवणाऱ्या यंत्रणेचं, तोंड लेथवर सरळ करतो, काडतूस बसतं ते चेंबर काडतुसाला बेताचं कापतो. ॲक्शन आणि लाकूड यांच्यामधली कागदभर फट इपॉक्सीने भरतो, म्हणजे दर गोळीमागे लोखंड त्याच जागी परत बसतं. यात महिने जातात. आणि एवढा खर्च करून रायफल हातात येते तेव्हा बाहेरून होती तश्शीच दिसते. मग फोटो कशाचा काढणार? (घरी स्वतः करवत-कानस चालवायचा विचार मात्र करू नका. शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय बॅरल आखूड करणं गुन्हा आहे, आणि दुरुस्तीचं कामही परवानाधारकाकडेच द्यावं लागतं. हे वाक्य उपरोधाचं नाही.)

लंडनवाल्यांचं तर काही विचारूच नका. पर्डी १८१४ पासून बंदुका बनवतात, आणि तिथल्या या जुन्या दुकानांतून 'ट्राय गन' असते. तिचा दस्ता सगळीकडून वळतो. ती गिऱ्हाइकाच्या खांद्याला लावून मापं घेतात: दस्त्याची लांबी किती, गालाखाली उतार किती, बाजूला झुकाव किती. म्हणजे थोडक्यात, आई दादरला ब्लाउज शिवायला टाकते तेच. तुमचा मार्ग सोपा आहे. रेडिमेड आणा, वर लेस लावा.

आमच्या रेंजवर एक काका येतात, गोरेगावहून, लोकलने. त्यांचं .२२ पिस्तूल तुम्ही बघू नये असं मला वाटतं, उगाच मन खचेल. मुठीचं मूळ लाकूड कुठे संपतं आणि एम-सील कुठे सुरू होतं ते कळत नाही. एकूण रूप उकडीच्या फसलेल्या मोदकासारखं. स्पर्धेत पिस्तूल ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावावं लागतं, म्हणून एका कडेने कानशीने सपाट केलेलं. मी एकदा, रिकामं असल्याची खात्री करून, हातात घेतलं. करंगळी कुठे ठेवायची तेच समजेना. अंगठ्याखाली एक टेंगूळ टोचत होतं. काकांनी परत घेतलं, आणि तळवा नि लाकूड यांच्यामधून पोस्टकार्ड सरकलं नसतं.

"अहो काका, हे दुसऱ्या कुणाच्या हातात बसणारच नाही," मी म्हटलं.

"बसायचंय कुणाला?" काका म्हणाले.

बघा, म्हणजे पुढेमागे विकायची सोयसुद्धा नाही! असला अव्यवहार तुम्ही करू नका.

तुमच्या पथ्यावर पडणारी एक गोष्ट आहे. १ ऑगस्ट २०२४ ला आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांवर कांस्य जिंकलं, तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राने टीव्हीवर तसली रायफल जवळून पाहिली. केवढे ते स्क्रू, हुक, पट्ट्या! तेव्हा 'ऑलिंपिकवालेसुद्धा लावतात' असं बिनदिक्कत सांगा. ते सगळे स्क्रू कारखान्यातूनच येतात, आणि नेमबाज गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून अशा तिन्ही पवित्र्यांसाठी गालपट्टी नि बट (दस्त्याचं खांद्याकडचं टोक) मिलिमीटर-मिलिमीटरने हलवून आकडे वहीत टिपून ठेवतो, हा तपशील गाळा. काडतुसांचे वेगवेगळे लॉट त्याच बॅरलमधून झाडून, कुठला लॉट एकाच भोकात जातो ते तपासतात, तेही गाळा. पन्नास मीटरवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. एवढ्याशासाठी कोण वही घालतो?

तुमचं टार्गेट कुणी बघायला मागितलंच, तर वाऱ्याचा विषय काढा. वरळीला समुद्र जवळ आहे, त्यामुळे कुणाला शंका येत नाही.

आणि सगळं झालं, की बटावर नाव कोरून घ्या. झोकदार देवनागरीत, पण फार खोल नको. पुढच्या मालकाला घासून काढायला सोपं जाईल.