देवघरातल्या लाल बल्बानं नजर परत येत नाही

आमच्या गोव्यातल्या साखळी गावच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर गेले दोन महिने एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: वय झालं की डोळ्यांतल्या पेशींची ‘बॅटरी’ उतरते आणि नजर जाते. रोज 3 मिनिटं लाल बल्बाकडे किंवा उगवत्या सूर्याकडे पाहिलं की ती चार्ज होते. परदेशात हे सिद्ध झालंय, तेव्हा डोळ्यात इंजेक्शनं घेऊ नका, ती लूट आहे.

बॅटरीची गोष्ट अगदीच खोटी नाही, म्हणून तर मेसेज पटतो. डोळ्याचा पडदा, म्हणजे दृष्टिपटल, भलताच खादाड. त्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी ऑक्सिजन हाताशी असूनही बरीचशी साखर अर्धवटच जाळतात आणि तिचं लॅक्टेट करून टाकतात. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी हा विचित्रपणा 1920च्या दशकातच नोंदवला होता. ही साखर येते पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांतून, वाटेतल्या रंगद्रव्य-पेशींच्या एका थराच्या हातून. हा थर म्हणजे आपला पोदेर, पाववाला. टोपलीतले पाव तो दारोदार पोचवतो आणि स्वतःचं पोट घरोघरच्या उरल्यासुरल्यावर, म्हणजे त्या लॅक्टेटवर भरतो. म्हातारपणी त्याच्या मायटोकॉन्ड्रियांनी, म्हणजे मेसेजातल्या त्या ‘बॅटऱ्यांनी’, हात टेकले की लॅक्टेट पचत नाही, आणि पोदेरच टोपलीतले पाव खायला लागतो. पुढचं घर उपाशी. मॅक्युलर डीजनरेशनचं, म्हणजे पडद्याचा मधला भाग (मॅक्युला) झिजण्याच्या आजाराचं, हे एक कारण असावं, असं बऱ्याच संशोधकांना वाटतं. एक कारण. आनुवंशिकता, दाह, थराखाली साचणारा ड्रुसेन नावाचा कचरा, ही मंडळीही आहेतच. नुसता चार्जर लावून भागेल असं हे दुखणं नाही.

आता ते ‘सिद्ध’. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ग्लेन जेफ्री यांच्या गटानं 2020मध्ये प्रयोग केला. 28 ते 72 वयाची 24 माणसं, डोळ्यांचा आजार कुणालाच नाही. 670 नॅनोमीटरचा गडद लाल प्रकाश, रोज 3 मिनिटं, 2 आठवडे. चाळिशीपुढच्यांना रंगांतला फरक आणि अंधुक उजेडातलं थोडं बरं दिसू लागलं. बस्स. मॅक्युलाचा रुग्ण त्यात एकही नव्हता. 2021मध्ये याच गटाला असंही दिसलं की सकाळी दिलेला प्रकाश लागू पडतो, दुपारचा नाही. आमच्या ग्रुपवर मात्र लोक तिन्हीसांजेला दिवाबत्ती झाल्यावर देवघरातल्या झिरोच्या बल्बाकडे बघत बसतात! त्या बल्बाचा लाल आणि प्रयोगातला लाल एकच, असंही नाही. 2024मध्ये अमेरिकेत एका प्रकाशोपचार यंत्राला परवानगी मिळाली हे खरं, पण ती फक्त या आजाराच्या कोरड्या, हळूहळू झिजणाऱ्या प्रकारासाठी, आणि उपचार डॉक्टरांकडे जाऊन घ्यायचा.

सूर्याबद्दल तर बोलायलाच नको. आपल्याकडे तो सह्याद्रीच्या डोक्यावरून वर येतो, दिसेपर्यंत चांगला तापलेला असतो. टक लावलीत तर मॅक्युलावर कायमचा डाग पडू शकतो.

मला खरा राग आहे तो इंजेक्शनच्या ओळीचा. माझे मामा 74 वर्षांचे. एका सकाळी उजवा डोळा झाकून खिडकीकडे बघत म्हणाले, “अगो, हे गज कुणी वाकवले?” गज सरळच होते. सरळ रेषा वाकडी दिसणं ही ओल्या प्रकाराची खूण: पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या उगवतात, पाझरतात. ते इंजेक्शन या वाहिन्यांना वाढवणारं व्हीईजीएफ नावाचं प्रथिन अडवतं. बॅटरीशी त्याचा संबंध नाही, आणि ते वेळेवर मिळालं तर उरलेली नजर बहुधा टिकते. इथे काही आठवड्यांचा उशीरसुद्धा महाग पडतो. मामांनी अडीच आठवडे बल्बाकडे बघण्यात घालवले आणि मग गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात गेले. बाजूचं दिसतं, पण डाव्या डोळ्यानं समोरच्याचा चेहरा अजून नीट दिसत नाही.

मेसेजच्या शेवटी ल्युटिन नावाच्या पिवळ्या रंगद्रव्याच्या कॅप्सूल ‘सर्वांनी’ घ्याव्यात असंही आहे. ल्युटिन असलेल्या मिश्रणाचा फायदा दिसला तो आजार मध्यम टप्प्यावर पोचलेल्यांना, तोही पुढची घसरण मंदावण्यापुरता. धडधाकट माणसानं ते पैसे बाजारात मासळीवर घालवावेत.

तंबाखूचं मात्र मेसेजात नावही नाही. मॅक्युलाच्या या आजारात आपल्या हातातली सगळ्यात मोठी गोष्ट धूम्रपान सोडणं हीच आहे. मेसेज ग्रुपवर टाकणारे आमचे भावोजी दिवसाला एक पाकीट ओढतात. मी तिथे तसं लिहिलं, तर त्यांनी हात जोडल्याची इमोजी पाठवली.