‘ताट संपेपर्यंत उठू देऊ नका’: त्या संदेशाचा प्रतिवाद

लहान मुलांच्या आईबाबांमध्ये एक संदेश जोरात फिरतो आहे. त्याचा मथितार्थ असा: तीन ते पाच वर्षांच्या मुलाला भूक कळत नाही, ती मोठ्यांनाच कळते. ‘पोट भरलं’ हे नाटक असतं. ताट संपेपर्यंत उठू देऊ नका. खात नसेल तर मोबाईल लावा, पण पोटात जाऊ द्या. भाजी संपवली की गोड द्या. एखादी गोष्ट दोन-तीनदा देऊन नाही खाल्ली, तर ती आवडत नाही असं समजून सोडून द्या. आणि शेवटी, भूक ओळखणं, लक्ष देऊन खाणं ही मोठ्यांची फॅडं आहेत, ती लेकरांना चिकटवू नका.

हा संदेश काळजीपोटीच पुढे जातो. मूल उपाशी झोपलं तर आईबाबांच्याही घशाखाली घास उतरत नाही. पण त्यातला जवळजवळ प्रत्येक सल्ला मुलाला स्वतःच्या पोटापासून तोडणारा आहे. मी याच वयाच्या मुलांना शिकवते आणि रोज त्यांच्यासोबत जेवायला बसते, म्हणून एकेक मुद्दा घेते.

मुलाला भूक कळत नाही, हे पहिलं विधान. बाकीचे सगळे सल्ले त्याच्यावरच उभे आहेत, आणि तेच चुकीचं आहे. लियॅन बर्च या अमेरिकी संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी 1991 साली दोन ते पाच वर्षांच्या 15 मुलांचं खाणं प्रत्येकी सहा दिवस मोजलं. एकेका जेवणात हीच मुलं कधी भरपूर खात, कधी नुसतं चाखत. वेगवेगळ्या दिवसांच्या त्याच जेवणातल्या ऊर्जेत सरासरी 34 टक्क्यांच्या आसपास चढउतार होता. पण पूर्ण दिवसाचा हिशेब केला तेव्हा तो चढउतार जेमतेम 10 टक्क्यांवर आला. दुपारी कमी खाल्लेलं मूल संध्याकाळी भरून काढत होतं आणि सकाळी पोटभर खाल्लेलं दुपारी हात आखडता घेत होतं. त्यामुळे एका जेवणावरून ‘आज काही खाल्लंच नाही’ असा निकाल देऊ नये. दिवसाकडे बघावं, जमलं तर आठवड्याकडे.

या वयात भूक खरोखर कमीही होते. पहिल्या वर्षात बाळाचं वजन साधारण तिप्पट होतं. दोन वर्षांनंतर ते वर्षाला दोनेक किलोनेच वाढतं. वाढीचा वेग मंदावला की शरीर मागणीही कमी करतं. नेमकं याच काळात ‘आधी किती छान जेवायचा, आता तोंडच उघडत नाही’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं आणि घास घेऊन मागे धावणं सुरू होतं. मूल बिघडलेलं नसतं, त्याची गरज बदललेली असते.

मग सगळंच मुलावर सोडायचं का? तसं अजिबात नाही. 1920 च्या दशकात क्लारा डेव्हिस या डॉक्टरने नुकतीच अंगावरून सुटलेली बाळं घेऊन एक दीर्घ प्रयोग केला. बाळांसमोर पदार्थ मांडायचे आणि कुठला, किती खायचा हे त्यांनाच ठरवू द्यायचं. मुलं विचित्र मिश्रणं खात, पण छान वाढली. हा प्रयोग ‘मुलांना हवं ते खाऊ द्या’ म्हणणारेही पुढे करतात, ते मात्र अर्धंच सांगतात. डेव्हिसच्या यादीतले सगळे 34 पदार्थ साधे, नैसर्गिक होते. साखर घातलेलं किंवा कारखान्यातून आलेलं त्यात काहीच नव्हतं. खरी मेख त्या यादीतच आहे, असं तिने स्वतःच म्हटलं होतं. पुढे एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी हीच वाटणी स्पष्ट शब्दांत मांडली: काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. माझ्या मते लहान मुलांच्या जेवणाबद्दल याहून उपयोगी वाक्य सापडणं कठीण आहे.

‘पोट भरलं’ हे नाटक असतं का? कधीकधी असतं, मान्य. खेळ अर्धा राहिलेला असतो, मन तिकडे ओढ घेत असतं. पण खरं भरलेलं पोट शब्दांच्या आधी दिसतं. मूल घास तोंडात घोळवत ठेवतं, चमच्याने ताटात रेघोट्या ओढू लागतं, खुर्चीत मागे सरकतं, मान वळवतं, दोन घासांमधलं अंतर वाढतं. पहिल्या पाच मिनिटांत भराभर खाणारं मूल दहाव्या मिनिटाला मटार मोजत बसलं असेल, तर ते आपल्याला काहीतरी सांगतं आहे. आणि समजा खेळासाठीच उठलं, तरी भांडण नको. ‘ठीक आहे, आता पुढचं खाणं दुपारी’ एवढं शांतपणे सांगायचं आणि मधल्या वेळात बिस्किट, दूध, फळाचा रस यांचा रतीब घालायचा नाही. दोन-अडीच तासांनी पुढचं खाणं समोर येतं. एक जेवण हुकल्याने निरोगी मुलाचं काही बिघडत नाही. लवकर उठलं की नंतर भूक लागते, हे त्याला स्वतःच्या पोटातून कळतं, आणि ते आपण कितीही बोललो तरी शिकवता येत नाही.

आता ताट संपवण्याची सक्ती. याच बर्चच्या गटाने 1987 साली बालवयातल्या मुलांचे दोन गट केले. एका गटाचं लक्ष पोटातल्या जाणिवांकडे वळवलं: भूक कशी लागते, भरलं की कसं वाटतं. दुसऱ्याचं लक्ष घड्याळाकडे, ताटात किती उरलंय याकडे आणि संपवल्याच्या बक्षिसाकडे. नंतर जेवणाआधी कधी कमी ऊर्जेचा, कधी जास्त ऊर्जेचा खाऊ दिला. पहिल्या गटाने पुढचं खाणं त्या प्रमाणात कमीजास्त केलं. दुसऱ्या गटाला तो फरक जाणवेनासा झाला. ‘संपव, संपव’ म्हणत आपण मुलाकडून हीच जाणीव पुसून घेतो, आणि मोठेपणी तीच परत मिळवण्यासाठी माणसं किती धडपडतात ते आपण आजूबाजूला बघतो.

सक्तीने निदान खाणं तरी वाढतं का? 2006 साली छापून आलेल्या एका प्रयोगात मुलांना दोन सूप दिली. एकासाठी ‘संपव ना’ म्हणून मागे लागले, दुसऱ्याबद्दल काहीच बोलले नाहीत. मागे न लागलेलं सूप मुलांनी जास्त घेतलं आणि ज्याच्यासाठी मागे लागले, त्याबद्दल तक्रारीच जास्त केल्या. 2002 च्या एका अभ्यासात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लहानपणी जबरदस्तीने खाऊ घातलेले पदार्थ आठवायला सांगितले. ज्यांना आठवले, त्यांच्यापैकी दोनतृतीयांशांहून जास्त जण आजही ते आपणहून खात नव्हते.

अन्न वाया जाऊ नये ही भावना मात्र अगदी रास्त आहे. त्यासाठी सुरुवातच थोड्याने करावी: एक-दोन चमचे, हवं तर पुन्हा. त्याहून चांगलं म्हणजे वाढून घ्यायचं काम मुलालाच द्यावं. 2003 च्या एका अभ्यासात मोठा वाढप समोर ठेवण्याऐवजी मुलांना स्वतः वाढून घेऊ दिलं, तेव्हा मुख्य पदार्थ त्यांनी सुमारे 25 टक्के कमी खाल्ला. चार वर्षांच्या मुलाच्या हातात छोटा डाव दिला की सांडतं, हे खरं. पुसायला फडकं जवळ ठेवावं. आपण किती घेतलं आणि किती पुरलं, याचा अंदाज हातातूनच येतो.

मोबाईलच्या सल्ल्याने मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण तो सगळ्यात सोपा आहे आणि थकलेल्या माणसाला सोपंच हवं असतं. पडद्यावर डोळे खिळलेल्या मुलाचं तोंड यंत्रासारखं उघडतं. घास गेला, पण त्याची चव, वास, ‘आता पुरे’ ही खूण, काहीच पोचलं नाही. चावण्याकडेही लक्ष राहत नाही, आणि या वयात अन्न घशात अडकण्याचा धोका मोठा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बसून पडदा बघण्याची मर्यादा दिवसाला एक तास सांगितली, तीही जास्तीत जास्त, कमी असेल तर उत्तम. रोजची तीन जेवणं मोबाईलवर झाली तर ती मर्यादा तिथेच संपते. ही सवय लागलेलीच असेल, तर मोबाईल बंद केल्यावर पहिले काही दिवस मूल कमी खाईल. तेव्हा घाबरून तो पुन्हा लावू नका. जेवण पंधरा-वीस मिनिटांचं ठेवा आणि शक्य तिथे कुणीतरी सोबत बसून तेच खा. समोरच्या माणसाचं खाणं बघून मूल जितकं खायला शिकतं, तितकं समजावून कधीच शिकत नाही.

गोडाच्या लालुचीबद्दल थोडक्यात. ‘गाजर खाल्लंस तर चॉकलेट’ यातून मुलाला एवढंच समजतं की गाजर ही सोसायची गोष्ट आहे आणि चॉकलेट ही कमाई. बक्षिसासाठी खायला लावलेल्या गोष्टीची आवड घटते, हे 1984 पासून प्रयोगांत दिसलेलं आहे. घरात ठेवून सक्त बंदी घातली तरी ओढ वाढतेच. त्यापेक्षा गोड असेल त्या दिवशी छोटा तुकडा जेवणासोबतच, कुठलीही अट न घालता द्यावा.

दोन-तीनदा देऊन सोडून द्या, या सल्ल्यामुळे किती मुलांच्या ताटातून किती भाज्या कायमच्या गेल्या असतील! नव्या पदार्थाबद्दलचं भय साधारण दोन ते सहा वर्षांच्या काळात सर्वांत तीव्र असतं. ते वाढीचाच भाग आहे. मुलांनी एखादी चव स्वीकारायला बरेचदा आठ-दहा, कधी पंधरा वेळा चाखणं लागतं. आणि चाखणं म्हणजे खाणं असंही नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीने मटार असाच हळूहळू आपलासा केला. आधी तिने ते सगळे ताटाच्या कडेला रांगेत लावले. पुढे कधीतरी एक दाणा बोटांनी दाबून सालातून बाहेर काढला आणि आतल्या दोन फाका वेगळ्या करून बघितल्या. नंतर जिभेला लावून परत ठेवला. मग एकदा चावून हातरुमालात काढला. आम्ही कुणीच ‘खा’ म्हटलं नाही आणि ‘शी, थुंकू नकोस’ असंही नाही. रुमाल कुठे ठेवायचा तेवढं सांगितलं. पुढे ती बोलता बोलता मटार खात होती, आपण ते खातोय हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं. त्या हातरुमालाच्या दिवशी आम्ही ओरडलो असतो, तर ती तिथेच थांबली असती.

आणि भूक ओळखणं, लक्ष देऊन खाणं हे मोठ्यांचं फॅड आहे का? 2000 साली अमेरिकेत सुझन जॉन्सन यांनी बालवयातल्या मुलांना सहा आठवडे भूक आणि तृप्ती ओळखायला शिकवलं, बाहुल्यांच्या मदतीने. त्यानंतर मुलं खाण्याचं प्रमाण भुकेनुसार अधिक नीट जुळवू लागली. या वयात हे डोळे मिटून, गप्प बसून करायचं नसतं. ‘हे कुरकुरीत आहे की मऊ?’, ‘चावताना कानात आवाज येतो का?’, ‘पोटात अजून जागा आहे, की भरत आलं?’ असे एक-दोन प्रश्न पुरे. दहा विचारले तर ती परीक्षा होते.

संदेशातली एक काळजी मात्र खरी आहे. काही मुलं खरोखरच कमी खातात आणि तिथे ‘भुकेवर सोडा’ म्हणणं पुरेसं नाही. वजन-उंचीचा आलेख सपाट झाला किंवा खाली घसरला, मूल सतत ठसकत असेल, घट्ट पदार्थ गिळताच येत नसतील, खाण्याच्या पदार्थांची यादी महिन्यागणिक आखडत चालली असेल, चेहरा फिका आणि मूल सुस्त असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा पुष्कळ जास्त दूध पोटात जात असेल तर तेही सांगावं, कारण त्याने भूक मरते आणि शरीरात लोहाची कमतरता येऊ शकते. अशा मुलांना दुखत असतं, गिळायला जड जात असतं किंवा एखादा स्पर्श सहनच होत नसतो. त्यांनाच धरून बसवलं तर जेवणाची वेळ झाली की ती रडायला लागतात, आणि मग मूळ दुखणं कुठे आहे हे डॉक्टरांनाही शोधणं अवघड होऊन बसतं.