रात्री ज्याचा फोन वाजतो, त्याला कुणी विचारत नाही

डोकं फिरलंय आज, म्हणून लिहितोय. मी एका फाउंड्रीत कॉम्प्युटर आणि नेटवर्क सांभाळतो. आमच्या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरचं, म्हणजे सर्व्हर आणि नेटवर्क चालू आहे का यावर लक्ष ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, रिन्यूअलचं कोटेशन आलं. मालकांनी ते अकाउंट्सला दाखवलं, परचेसला दाखवलं, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या पुतण्यालाही दाखवलं. मला फक्त मेलच्या सीसीत टाकलं. आणि सर्व्हर बसला की रात्री दोनला फोन कुणाला? मला.

आमची फाउंड्री कोल्हापुरातली. एक युनिट शिरोली एमआयडीसीत, दुसरं गोकुळ शिरगावला, ऑफिस उद्यमनगरात. मेल्टिंग रात्रपाळीत जोरात असतं, म्हणजे ईआरपी (कंपनीचा सगळा कारभार चालतो ते सॉफ्टवेअर), वजनकाट्याचं कॉम्प्युटर, गेटचे कॅमेरे सगळं रात्री चालू पाहिजे. २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, तेव्हा युनिटवर पोचायलाच वाट नव्हती. तिथं काय चाललंय ते कळायला स्क्रीनशिवाय दुसरं काही नव्हतं हो! हे ज्यानं सोसलंय त्याला विचारा ना, काय घ्यायचं ते.

पण घेतलं कसं? डेमोला आलेल्या माणसानं टीव्हीवर हिरवे गोल आणि कोल्हापूरचा नकाशा दाखवला. मालक म्हणाले, "झकास दिसतंय की रे, घेऊन टाक." झालं, त्या दिसण्यावर लाखाचा चेक फाटला. किंमत सेन्सरवर होती. सेन्सर म्हणजे एक मशीन असं सगळ्यांनी धरलं. तसं नसतंय! स्विच म्हणजे नेटवर्कच्या वायरी जोडायचा डबा, त्याचं एक पोर्ट म्हणजे एक सेन्सर, सर्व्हरची डिस्क वेगळी, मेमरी वेगळी, सीपीयू वेगळा. २४ पोर्टांचे चार स्विच लावले की नुसत्या पोर्टांतच ९६ गेले. मग कशावर लक्ष ठेवायचं ते मी नाही, लायसन्स ठरवणार. सेन्सर संपले म्हणून यूपीएसची बॅटरी यादीतून काढायला लागली. पावसाळ्यात जिथं लाईट दिवसातून चारदा डोळे मिटते, तिथं यूपीएसची बॅटरी!

लिंकवरून किती डेटा जातोय त्या ग्राफचं तर सांगूच नका. दोन युनिटांमधली लिंक एक गिगाबिटची, म्हणजे हजार एमबीपीएसची. रात्री बॅकअप सुरू झाला की ईआरपी रांगायला लागायचं, लोक मला शिव्या घालायचे, आणि ग्राफ म्हणायचा ८०, फार तर ११० एमबीपीएस. मी महिनाभर सर्व्हर खोलून बसलो. शेवटी कळलं की वेंडरनं सेटअप करताना एसएनएमपीचा (स्विचकडून आकडे विचारून घ्यायची पद्धत) ३२ बिटी काउंटर, म्हणजे किती बाइट गेले ते मोजणारा मीटर, लावून ठेवलाय. तो काउंटर ४२९ कोटी बाइटच्या आसपास भरतो आणि परत शून्यावर येतो. गिगाबिट लिंक पूर्ण भरून वाहत असेल तर ३४ सेकंदांत. आणि आमचं सॉफ्टवेअर विचारतंय दर पाच मिनिटांनी! मधे मीटर कितीदा शून्यावर आला ते त्याला कळणारच नाही, म्हणून ते जन्मात ११५ च्या वर दाखवणार नव्हतं. ६४ बिटी काउंटर स्विचमध्ये होताच, नुसता निवडायचा होता. ज्याला डेमोशिवाय काही येत नाही त्याच्या हातात सेटअप दिला की असं होतं.

आणि अलर्ट. वायरलेस लिंक दोन मिनिटं पडली की पलीकडच्या ४६ डिव्हाइसचे ४६ मेल, परत आली की अजून ४६. वरचा राउटर मेला तर खालच्यांनी गप्प बसावं, एवढी साधी गोष्ट. नागिओस हे फुकटातलं मॉनिटरिंग सॉफ्टवेअर १९९९ पासूनचं, त्यात पॅरेंट, म्हणजे कुणाच्या वर कोण ते, लावता येतो. झॅबिक्स हे तसलंच दुसरं, त्यात हीच सोय डिपेन्डन्सी नावानं आहे. आमच्या महागड्यातही होती, पण कुणी लावली नव्हती, आणि लावायचा ॲक्सेस मला दिला नव्हता. सहा महिन्यांत मी ते मेल बघायचंच सोडलं. कोण बघेल?

मग जुलैतली ती रात्र आली. दोन चाळीसला शिरोलीचा मुख्य स्विच गेला. आत काळी भुकटी साचून पंखा जाम. मॉनिटरिंगचा सर्व्हर त्याच रॅकमध्ये, त्याच स्विचच्या मागं, आणि अलर्टचा मेल जाणार त्याच इंटरनेटवरून. मला काही आलंच नाही. सकाळी सहाला सुपरवायझरचा फोन, "ओ साहेब, काट्यावर गाड्या थांबल्यात, रांग गेटच्या बाहेर गेलीया." आणि दहा वाजता मालकांच्या केबिनमध्ये मला प्रश्न, "एवढं सॉफ्टवेअर घेऊन दिलंय, तुझं लक्ष कुठं होतं?"

माझं लक्ष! मी पहिल्याच महिन्यात लिहून दिलं होतं की हा सर्व्हर ऑफिसात ठेवा आणि सिम कार्डाचा मोडेम घ्या, अलर्ट एसएमएसनं येऊ दे. मोडेमला मंजुरी नाही मिळाली. काही हजारांचा मोडेम!

झॅबिक्स घेऊया म्हटलं तर "फुकटातलं नको, सपोर्ट कोण देणार?" अहो, ते २००१ पासून बाजारात आहे, लाटवियातली कंपनी आहे मागं, सपोर्ट पाहिजे तर तीच विकते. डिव्हाइस मोजून पैसे घेत नाहीत. नुसत्या स्विच-राउटरसाठी लिबरेएनएमएस आहे, ते शेजारचे स्विच स्वतः शोधून काढतं. पुतण्या म्हणतो प्रोमेथियस (हेही फुकटातलं मॉनिटरिंग) लावा, सगळे तेच वापरतात. चांगलंच आहे ते, पण आमच्या जुन्या स्विचांना त्यासाठी मधे वेगळा एक्सपोर्टर, म्हणजे आकडे त्याच्या भाषेत करून देणारा प्रोग्रॅम, बसवायला लागतो. मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या ॲप ज्यात चालवतात ते कंटेनर आमच्याकडं नाहीत, वजनकाटा आहे. फुकट म्हणजे बिनकष्टाचं असंही मी म्हणत नाही. नीट लावायला महिना लागेल, तेही लिहून दिलंय. उत्तर नाही.

सोमवारी नव्या वेंडरचा डेमो आहे. मला बोलावलेलं नाही, तरी जाणार. टीव्हीवरचा नकाशा बघायचा नाहीये मला. सगळ्यांसमोर त्यांच्या सर्व्हरची नेटवर्क केबल काढणार आणि फोन टेबलावर ठेवून बसणार. तो वाजला तर पुढचं बोलू.