वाळूत हात घालू द्या पोरांना

गेल्या महिन्यात बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या फौंड्रीत, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, एक नवा पोरगा कामाला लागला. खानापूरकडचा, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला, मेकॅनिकल इंजिनिअरिंगला डिस्टिंक्शन. मशीनिंग करताना आत पोकळी निघालेली एक पंप बॉडी मी त्याच्या हातात दिली. "हे कशामुळं झालंय, सांग बघू." बराच वेळ उलटसुलट करून तो म्हणाला, "सर, डिफेक्टचे प्रकार येतात मला. लिहून दाखवू?"

आणि त्याने खरंच लिहून दाखवले. ब्लो होल, श्रिंकेज, कोल्ड शट, मिसरन, सगळे आकृतीसकट. शेजारी आमचे मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारे, मामा उभे होते. त्यांनी पोकळीत बोट फिरवलं. "आत गुळगुळीत लागतंय बघ. म्हणजे गॅस अडकलाय. वाळू ओली असंल, नाहीतर वारा जायला वाट कमी पडली. खरबरीत लागलं असतं तर धातू आकसलाय म्हणायचं, मग साच्यात जादा धातू पुरवणारा रायझर बघायचा." पोराने पण बोट घातलं, परत परत घातलं. त्याला हे कळायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

पोरगा हुशार आहे. कॉलेजच्या चार वर्षांत असा तुकडा त्याच्या हातात कुणी दिला नाही, एवढंच.

व्हीटीयू, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ, १९९८ पासून आपल्या बेळगावात आहे. उद्यमबागेतून खानापूर रोडने सरळ गेलं की मच्छे, तिथेच विद्यापीठाचं आवार. मधल्या पट्ट्यात फौंड्र्या, मशीन शॉप, हायड्रॉलिक्सचे कारखाने. इथले व्हॉल्व्ह आणि पंप देशभर जातात. तरी शेजारच्या कॉलेजातला पोरगा ओतकाम पहिल्यांदा बघतो ते नोकरी लागल्यावर.

विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाची २०१८ ची स्कीम झाली, २०२१ ची झाली, २०२२ ची झाली. पदवीचे क्रेडिट १६० वर आणले, शेवटी लांब इंटर्नशिप आली. ही सुधारणा चांगली आहे, मी नाकारत नाही. पण पेपरचा साचा तोच राहिला. पाच मॉड्यूल, प्रत्येकावर दोन प्रश्न, त्यातला एक सोडवायचा. पोरं मागचे चार-पाच पेपर घेऊन बसतात आणि पास होतात. जोवर पेपर असा आहे, तोवर विषयांची नावं कितीही बदला, पोरं पाठच करणार. एका प्रश्नात मोडलेल्या गिअरचा नाहीतर फसलेल्या कास्टिंगचा फोटो द्या आणि कारण विचारा. उत्तर चुकलं तरी विचार बरोबर असेल तर मार्क द्या.

दुसरं म्हणजे इंटर्नशिप शेवटच्या वर्षाला येते, तेव्हा पोरांचं अर्धं लक्ष प्लेसमेंटकडे असतं. कारखाना दुसऱ्या सेमिस्टरलाच दाखवा, आठवड्यातून एक दिवस. आधी वाळू हातात घेतली की मग वर्गातलं उष्णता वहन डोक्यात बसतं. मास्तरांनाही सुट्टीत कारखान्यात पाठवा. आमच्या वेळी फौंड्री शिकवणाऱ्या सरांनी भट्टी बघितलेली नव्हती, आणि ते आम्हाला तसं प्रामाणिकपणे सांगायचे.

भाषेचंही बोलायलाच हवं. मराठी किंवा कन्नड शाळेतून आलेलं पोर पहिल्या वर्षी इंग्रजीतच अडकतं. गणित येत असून विषय मागे राहतात, घरी सांगायची लाज वाटते. पेपर इंग्रजीत राहू दे, पण समजावताना मराठी, कन्नड दोन्ही चालू द्या. आमच्या शॉपफ्लोअरवर रोज दोन्ही चालतात, कुणाचं काही अडत नाही. यात सीमावादाचं काही आणू नका, हे पोटापाण्याच्या शिक्षणाबद्दल आहे. ज्या विश्वेश्वरय्यांचं नाव विद्यापीठाला आहे, ते म्हैसूरकडचे, इंजिनिअर झाले पुण्यात, आणि त्यांची आपोआप उघडणारी दारं १९०३ मध्ये खडकवासल्याच्या धरणावर बसली. धरणावर उभं राहून काम केलेला माणूस होता तो.

मी आमच्या मालकांशी बोललोय. दर शनिवारी चार पोरांना घ्यायला ते तयार आहेत, बूट-हेल्मेट आमच्याकडून. मामाही शिकवतो म्हणालेत. कुठल्या कॉलेजच्या सरांना पहिल्या वर्षाची पोरं पाठवायची असतील तर मला मेसेज करा.