‘आम्ही फक्त गळ टाकतो आणि मासा सोडूनही देतो’: मालवणच्या अभयारण्याबद्दल फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या गळवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतोय. मागणी अशी की मालवणचं सागरी अभयारण्य रॉड-रीलच्या हौशी मासेमारीला खुलं करा. कारणं पाच दिली आहेत. समुद्र संपवला तो ट्रॉलरनी, गळानं नव्हे. आम्ही धरलेला मासा परत सोडतो आणि तो जगतो. स्थानिक मच्छीमार तिथे मासे मारतातच, मग आम्हालाच का अडवता? बंदी घालून मासा वाढल्याचं कुठे दिसलेलं नाही. आणि कावेरीवरून गळवाले हटवले म्हणूनच तिथला महासीर, हा नदीतला मोठा मासा, संपत आला. शेवटी सह्यांसाठी लिंक आहे.

मी हिडकलच्या पाण्यावर गळ टाकायला शिकलो, आणि सवड मिळाली की आंबोली उतरून मालवणला जातो. हा मजकूर पुढे पाठवणारे बरेच जण माझ्या ओळखीचे आहेत, आणि माशावर त्यांचा जीव आहे यात शंका नाही. तरीही पाचातले चार मुद्दे चुकीचे आहेत आणि पाचवा अर्धाच सांगितलेला आहे.

ट्रॉलरचं आधी घेऊ, कारण यात तथ्य आहे. तळ खरवडत जाणारं जाळं आणि एलईडी दिवे लावून केलेली मासेमारी यांनी किनाऱ्याचं फार मोठं नुकसान केलं. केंद्र सरकारनं नोव्हेंबर 2017 मध्ये एलईडी मासेमारीवर बंदी आणली ती उगीच नाही. सिंधुदुर्गातले पारंपरिक मच्छीमार कर्नाटकातल्या ज्या मलपी बंदराच्या ट्रॉलरविरुद्ध वर्षानुवर्षं ओरडताहेत, ते आपल्याच राज्यातून येतात. याबद्दल बेळगावातून आवाज उठायला हवा, मी त्यात आहे. पण ट्रॉलर वाईट, म्हणून गळ निरुपद्रवी, हे कुठून आलं?

न्यूझीलंडमध्ये याची जवळजवळ परीक्षाच झाली आहे. मिमिव्हांगाटा नावाच्या सागरी उद्यानात व्यापारी मासेमारी पूर्ण बंद केली आणि हौशी गळ चालू ठेवला. नंतर मोजणी झाली तेव्हा तिथला स्नॅपर, म्हणजे आपल्या तांबोशीसारखा गळवाल्यांचा लाडका मासा, बाहेरच्या खुल्या पाण्यापेक्षा जास्त नव्हता. त्याच किनाऱ्याजवळच्या पुअर नाइट्स बेटांभोवती 1981 पासून संरक्षण होतं, पण हौशी मासेमारीला काही सूट होती. 1998 मध्ये ती सूटही काढली. चारेक वर्षांत तिथला स्नॅपर सातपटीहून जास्त झाला. या दोन ठिकाणांमध्ये फरक होता तो आपल्यासारख्यांच्या गळाचा.

अमेरिकेतही 2002 च्या नोंदींवरून हिशोब झाला. ज्या माशांच्या साठ्याची काळजी होती, त्यांच्या एकूण पकडीत हौशी मासेमारांचा वाटा 23 टक्के निघाला. मेक्सिकोच्या आखातात तो 64 टक्के होता. म्हणजे मासा कमी होत असताना गळाचा वाटा किरकोळ राहत नाही.

असं का होतं, हे कुठला मासा मोठा होऊन काय होतो यावरून कळतं. गोबरा (ग्रूपर) जन्मतो मादी म्हणून, आणि वय वाढलं की त्यातले काही नर होतात. चोणकाचं बरोबर उलट: आधी नर, पुढे मादी. म्हणजे एका खडकावरचे सगळ्यात मोठे गोबरे उचलले की नर संपतात, आणि खाडीच्या तोंडावरचे मोठे चोणक उचलले की अंडी घालणाऱ्या माद्या. माद्याही सगळ्या सारख्या नसतात. अटलांटिक कॉडवरच्या अभ्यासात 30 किलोची एक मादी 2 किलोच्या 28 माद्यांइतकी अंडी देते असं दिसलं. त्या 28 जणींचं वजन मिळून 56 किलो भरतं, तरीही. जाळ्यात लहानमोठं सगळंच येतं. आपण मात्र खास मोठ्या माशासाठी ल्युअर, म्हणजे नकली आमिष, निवडतो, मोठ्या माशासाठी खडक शोधतो आणि फोटोही त्याचाच टाकतो.

‘पण सोडतो की!’ मजकुरात हे वाक्य तीनदा आलं आहे, म्हणून त्यावर सविस्तर बोलायला हवं.

20 मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या तिप्पट असतो. गोबऱ्याच्या पोटात हवेची पिशवी असते आणि ती हवा त्याला पटकन बाहेर टाकता येत नाही. रील फिरवून त्याला दोन मिनिटांत वर आणलं की ती हवा तिप्पट फुगते. डोळे बाहेर येतात, पोट ताठ होतं, कधी जठर उलटून तोंडात दिसतं. हा मासा पाण्यात सोडला तरी खाली जाऊ शकत नाही. उताणा तरंगतो आणि घारींच्या तोंडी जातो. जो खाली जातो तो जगलाच असंही नाही, कारण आपला व्हिडिओ शेपटी दिसेनाशी होते तिथेच थांबतो.

सोडलेल्या माशांवरच्या 274 नोंदी एकत्र करून 2005 मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात मरण्याचं सरासरी प्रमाण 18 टक्के आहे. काही जातींत ते फार कमी, काहींत भयंकर जास्त. गळ घशात गेला, पाणी कोमट असलं, मासा खोलातून आला, हाताळणी लांबली, की प्रमाण वाढतं. रेनबो ट्राउटवरच्या प्रयोगात नुसता दमवून सोडलेल्यांपैकी 12 टक्के मेले. त्यानंतर 30 सेकंद हवेत धरलेल्यांपैकी 38 टक्के आणि 60 सेकंद धरलेल्यांपैकी 72 टक्के मेले. ट्राउट थंड पाण्यातला मासा, त्याचे आकडे गोबऱ्याला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण मोबाइल काढ, अँगल बदल, वजन कर, यात एक मिनिट सहज जातं, हे आपण सगळे जाणतो. उलटा काटा नसलेला गळ, गोल गळ (सर्कल हुक), पाण्यातच सोडवणं यांनी मरण कमी होतं, शून्य होत नाही. खुल्या समुद्रात एवढं नुकसान मी स्वीकारतो. जिथे मासा वाढावा म्हणूनच पाणी राखलंय, तिथे ते का स्वीकारायचं?

तिसऱ्या मुद्द्याचं मला सगळ्यात वाईट वाटलं. वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम 26-अ सांगतं की सागरी हद्दीत अभयारण्य करताना स्थानिक मच्छीमारांच्या उपजीविकेच्या हिताची पुरेशी काळजी घेतली पाहिजे. कायद्यानं हे हित जपलं ते पोटासाठी जाणाऱ्यांचं, शनिवार-रविवार जाणाऱ्यांचं नव्हे. मालवणचं अभयारण्य 1987 मध्ये जाहीर झालं तेव्हापासून तिथल्या मच्छीमारांचा त्याला विरोध आहे. आपली जाळी बंद होतील आणि त्याच पाण्यात बाहेरच्या हौशी लोकांच्या बोटी फिरतील, ही भीती मासेमार वस्तीत बोलून दाखवली जाते. आपल्या मजकुरातली मागणी मान्य झाली तर ती भीती खरी ठरेल. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, ओढणाऱ्या माणसाशी बरोबरी सांगताना, आपल्या रॉडच्या किमतीत त्याच्या घरचे किती दिवस निघतात याचा तरी विचार व्हावा.

चौथ्या मुद्द्याला न्यूझीलंडनं उत्तर दिलंच आहे. आणखी हवं तर मेक्सिकोतलं काबो पुल्मो: 1995 मध्ये उद्यान झालं, गावकऱ्यांनी स्वतःच मासेमारी थांबवली, आणि 1999 ते 2009 मध्ये तिथल्या माशांचं एकूण वजन 463 टक्क्यांनी वाढलं.

राहिली कावेरी. गळवाल्यांच्या कॅम्पमुळे नदीवर राखण होती, सुरुंग लावून मासे मारणारे दबकून होते, हे खरं आहे. 2012 च्या सुमारास कॅम्प बंद झाले, ती राखणही गेली. पण मजकुरात पुढचं गाळलं आहे. कॅम्प चालू असतानाच, 1998 ते 2012 च्या त्यांच्या स्वतःच्या नोंदवह्यांमध्ये कुबडवाला महासीर घटत गेलेला आणि निळ्या पराचा महासीर वाढत गेलेला दिसतो. हा निळ्या पराचा मासा आपल्या कृष्णा खोऱ्यातला. लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रात वाढवलेली त्याची पिल्लं कावेरीत सोडली गेली होती. कुबडवाल्याला 2018 मध्ये अतिसंकटग्रस्त ठरवलं. म्हणजे त्याची घसरण बंदीच्या आधीपासून सुरू होती, आणि मासा सोडून देण्यानं ती थांबली नाही. गळवाल्यांचा खरा उपयोग झाला तो पकडीची तारीखवार नोंद ठेवल्याचा.

म्हणून त्या लिंकवर मी सही करणार नाही. मालवणचं अभयारण्य 29 चौरस किलोमीटरचं आहे, बेळगाव शहराच्या निम्म्याहूनही लहान. त्याचा गाभा, सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाभोवतीचा, जेमतेम 3.18 चौरस किलोमीटर. जिल्ह्याचा किनारा 121 किलोमीटर आहे. या गाभ्यात हौशी गळ अजिबात नको, उरलेल्या अभयारण्याबद्दल स्थानिक मच्छीमार आणि वनखातं ठरवतील ते आपण पाळायचं, आणि बाहेरच्या पाण्यात गोल गळ वापरून प्रत्येक पकडीची नोंद ग्रुपवर ठेवायची, असं पत्र मी लिहायला घेतलंय. कच्चा मसुदा रविवारी ग्रुपवर टाकतो. ज्यांना पटत नाही त्यांनी त्यावर मुद्देसूद लिहावं, मी उत्तर देईन.