एकच कव्हर पेज सगळीकडे वापरायचं पाप करू नका

परवा ऑफिसात नवीन जॉईन झालेल्या पोराने विचारलं, सर आपल्या ४२ रिपोर्टांना कव्हर पेज सेमच आहे ना, मग ते ४२ वेळा कशाला बनवलंय, एकदाच बनवून सगळीकडे का नाही जोडत? पोरगं हुशार आहे, टिकायचं नाही. त्याला चहाला खाली नेऊन जे समजावलं तेच इथे टाकतोय, तुमच्याकडे कुणाला अशी दुर्बुद्धी सुचायच्या आत वाचून ठेवा.

आधी शत्रू काय करतो ते बघू. आमच्याकडे एसएसआरएस आहे, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं रिपोर्ट बनवायचं सॉफ्टवेअर, त्यात कव्हर पेज असं वेगळं बटण वगैरे काही नाही, बॉडीच्या, म्हणजे रिपोर्टच्या मुख्य भागाच्या, डोक्यावर एक रेक्टँगल टाकायचा, त्यात लोगो, टायटल, क्लायंटचं नाव, तारीख, आणि त्या रेक्टँगलनंतर पेज ब्रेक द्यायचा, की झालं कव्हर. आता काही आगाऊ लोक हा रेक्टँगल उचलून वेगळ्याच रिपोर्टमध्ये ठेवतात, त्याला टायटल, क्लायंट आणि कालावधी असे तीन पॅरामीटर (म्हणजे दर वेळी बाहेरून भरायच्या रिकाम्या जागा) देतात आणि बाकीच्या सगळ्या रिपोर्टांत तो सबरिपोर्ट, म्हणजे रिपोर्टच्या आतला रिपोर्ट, म्हणून जोडून मोकळे होतात. उद्या पत्ता बदलला तर एका फाईलमध्ये बदल केला की काम संपलं, अर्धा तास. अहो पण मग उरलेला आठवडा काय करणार तुम्ही? रोज सकाळच्या मीटिंगमध्ये उभं राहून काय सांगणार? "कव्हर पेज अपडेशन चालू आहे, १७ झाले, २५ बाकी" हे वाक्य मी सलग सहा दिवस चालवलंय, आणि सहाव्या दिवशी साहेब म्हणाले, लोड जास्त होतोय का, माणूस देऊ का एक? (दिला. तोच हा पोरगा.)

लोगो कायम एम्बेड करायचा, म्हणजे प्रत्येक रिपोर्टच्या आतच कोंबायचा. सर्व्हरवर लोगोची एकच फाईल ठेवून सगळ्या रिपोर्टांना तिथूनच उचलायला लावता येतं, माहितीये मला, पण मग त्यात आपुलकी राहत नाही. एम्बेड केला की प्रत्येक आरडीएल फाईलच्या (म्हणजे रिपोर्टच्या डिझाईनच्या फाईलच्या) पोटात लोगो बेस६४, म्हणजे चित्राची नुसती अक्षरं, होऊन बसतो, नोटपॅडमध्ये उघडून बघा, खरं काम दोन-तीनशे ओळींचं आणि खाली नुसतं एबीसीडीचं जंगल. गेल्या दिवाळीच्या आधी मॅनेजमेंटने लोगोतला निळा रंग बदलून जरा वेगळा निळा केला, आम्हाला कुणालाच फरक दिसला नाही, पण ४२ ठिकाणी बदलला. ३९ ठिकाणी खरं तर. उरलेले तीन जुन्या निळ्यातच जातात अजून, आजवर एकाही माईच्या लालाला कळलेलं नाही.

आणि लोगो हाताने, माऊसने ओढूनच बसवायचा. ए४ कागद २१ सेंटीमीटर रुंद, दोन्हीकडे दोन-दोन मार्जिन, म्हणजे बॉडीला राहिले १७. लोगो उजवीकडे ओढताना बॉडी गुपचूप १७.४ होते, मग तुम्ही लोगो परत आत आणता, पण बॉडी काही परत आत येत नाही, ती पसरते ती पसरतेच, जेवणानंतर सैल केलेल्या पट्ट्यासारखी. डिझाईनमध्ये सगळं झकास दिसतं आणि पीडीएफ काढली की जास्तीची रुंदी पुढच्या पानावर सांडते, प्रत्येक पानामागे एक कोरं पान. आमचा ३८ पानांचा रिपोर्ट ७६ पानांचा झाला, मार्च एंडला, आणि तो प्रिंट काढून स्पायरल बाइंडिंग होऊन टेबलावर पोचला तेव्हा कळलं. मी शांतपणे सांगितलं, सर, नोट्स लिहायला जागा सोडलीये. साहेबांनी खरंच लिहिल्या हो नोट्स. पुढच्या महिन्यात कोरी पानं गेली तर विचारलं, या वेळी जागा का नाही?

आता हा घोळ एकाच कव्हरमध्ये असता तर एका जागी दुरुस्त झाला असता आणि ही मजा कायमची संपली असती.

पान क्रमांकाला तर हातच लावू नका. कव्हर हे पान १ धरलं जातं, म्हणून अनुक्रमणिकेत पान ५ लिहिलेलं प्रत्यक्षात ६ वर सापडतं. पेज ब्रेकवर नंबर परत एकपासून सुरू करायची सोय एसएसआरएसच्या २००८ आर२ आवृत्तीपासून आहे, असू दे. हेडरला पहिल्या पानावर न छापायची सोयही आहे, तीही असू दे, कव्हरवर वर हेडरमधला छोटा लोगो आणि खाली मोठा लोगो असे दोन दिसले की कंपनी भरभक्कम वाटते.

एक्सेलवाल्यांचाही विचार करा. पेज ब्रेक आला की एक्सेलमध्ये नवी शीट पडते, म्हणजे पहिल्या शीटवर फक्त तुमचं कव्हर. अकाऊंट्सच्या मॅडम फाईल उघडतात, समोर लोगो, त्या बंद करतात आणि फोन करतात, "अरे डेटाच नाही आला रे यात." मॅडम, खाली दुसरी शीट बघा. गेली तीन वर्षं दर महिन्याच्या ५ तारखेला आमचं एवढं बोलणं होतं, त्या निमित्ताने त्यांच्या मुलीची दहावी, बारावी सगळं कळत राहिलं. एक्सेलला कव्हर लपवायचा एक्स्प्रेशन (छोटं सूत्र) टाकला तर हे नातं तुटेल.

वर्डवाले स्वतःला सुटलेले समजत असतील तर थांबा. वर्डमध्ये २००७ पासून कव्हर पेजची आख्खी गॅलरी आहे, आपलं स्वतःचं कव्हर सिलेक्ट करून त्यात सेव्हही करता येतं. करू नका. मागच्या महिन्याची फाईल उघडा, सेव्ह ॲज मारा, नाव द्या फायनल_नवीन_२. कव्हरवरचं लेखकाचं नाव फाईलच्या प्रॉपर्टीतून येतं, त्यामुळे आमच्या प्रत्येक रिपोर्टचा लेखक अजूनही एक गृहस्थ आहेत ज्यांनी २०१९ मध्येच नोकरी सोडली. रिपोर्टमध्ये चूक निघाली की सगळे कव्हर बघतात, नाव वाचतात आणि गप्प बसतात. असा माणूस प्रत्येक टीमकडे हवा.

क्लायंटचं नाव मात्र पॅरामीटरमधून घेऊ नका, हाताने टाईप करा. एकदा एका क्लायंटच्या मीटिंगमध्ये प्रोजेक्टर लागला आणि पडद्यावर त्यांच्या प्रतिस्पर्ध्याचं नाव, ४८ पॉइंटात, बोल्ड. अर्धा मिनिट कुणी श्वास घेतला नाही. मग समोरचे मुख्य साहेब पुढे वाकून म्हणाले, "पुढचं पान दाखवा ना." त्यांनी आमच्या कुठल्याच रिपोर्टकडे इतक्या गोडीने कधी बघितलं नव्हतं.

तर हे सगळं त्या पोराला सांगितलं, तो मान हलवत होता, चहाही मीच पाजला. सोमवारी आलो तर पठ्ठ्याने शनिवार-रविवार बसून एकच कव्हर बनवलेलं, तीन पॅरामीटर, लोगो सर्व्हरवर, बॉडी बरोब्बर १७, ४२ च्या ४२ रिपोर्टांना जोडलेलं आणि टेस्टही केलेलं. छान झालंय, खोटं कशाला बोलू. दुपारी तो जेवायला गेला तेव्हा मी ते कव्हर कॉपी करून ४२ रिपोर्टांत पेस्ट करून ठेवलं, सेफ्टीसाठी. १७ झालेत, २५ बाकी आहेत.