‘वय अधिक शंभर’ आणि बीपीच्या गोळ्या : फिरत्या मेसेजला उत्तर

नात्यागोत्याच्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: माणसाचं नॉर्मल बीपी म्हणजे वय अधिक १००. औषध कंपन्यांनी गिऱ्हाइकं वाढवण्यासाठी आकडा १६० वरून १४० वर, तिथून १३० वर आणला. काही त्रास होत नसेल तर गोळीची गरजच नाही. गोळी एकदा सुरू झाली की जन्मभर सुटत नाही, वर किडनी खराब करते. त्यापेक्षा लसूण, अर्जुनसाल, शेवग्याचा पाला आणि सर्पगंधा घ्या, महिन्याभरात गोळ्या फेकून द्याल.

मी फार्मासिस्ट आहे, तालुक्याच्या गावी दुकान आहे. डोस ठरवणं हे माझं काम नाही, ते डॉक्टरांचं. पण गोळ्या बंद करून आलेली माणसं आधी माझ्या काउंटरवर उभी राहतात. मेसेज लिहिणारा माणूस हुशार आहे. त्याने जवळपास प्रत्येक मुद्द्यात चिमूटभर खरं पेरलंय, म्हणून तो पटतो.

“नॉर्मल बीपी म्हणजे वय अधिक १००.” हा हिशोब एके काळी डॉक्टरही करत. वयाबरोबर वरचा आकडा चढतो, हे खरंच आहे. पण चढणं नेहमीचं आहे म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं बीपी १९३७ साली १६२/९८ होतं, १९४१ मध्ये १८८/१०५. त्यांचे डॉक्टर रॉस मॅकइंटायर मात्र प्रकृती वयाच्या मानाने उत्तम असल्याचं सांगत राहिले. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन रूझवेल्ट गेले तेव्हा मोजलेलं बीपी ३००/१९० होतं, वय ६३. तेव्हा द्यायला धड औषधंही नव्हती, ती गोष्ट वेगळी.

पुढे हा प्रश्न नीट तपासला गेला. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या ‘शेप’ अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात साठीच्या पुढची ४,७३६ माणसं होती, वरचा आकडा १६० च्या पुढे आणि खालचा ९० च्या आत असलेली, म्हणजे ज्यांना ‘वयोमानाने असायचंच’ म्हणून सोडून दिलं जायचं नेमकी ती. निम्म्यांना क्लोरथॅलिडोन ही लघवी वाढवणारी साधी गोळी आणि लागलं तर जोडीला दुसरी, बाकीच्यांना औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी. पाच वर्षांत बिनऔषधाच्या गटात दर १०० माणसांमागे ८.२ जणांना मेंदूचा झटका आला, औषधाच्या गटात ५.२ जणांना. २००८ मध्ये ऐंशीच्या पुढच्यांवरचा ‘हायव्हेट’ अभ्यास आला. त्यात औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यूच २१ टक्क्यांनी कमी दिसले. ऐंशीच्या माणसाला १८० चालेल असं सांगणारा मेसेज या दोन्हींबद्दल चकार शब्द काढत नाही.

यातली खरी बाजूही सांगतो. म्हाताऱ्या माणसाचं बीपी घाईने आणि फार खाली आणू नये. पलंगावरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर बसून मोजलेला आकडा पुरत नाही, उभं राहून एक ते तीन मिनिटांत पुन्हा मोजावं लागतं. त्यात मोठी घसरण दिसली तर गोळी कमी करायचा विचार डॉक्टर करतात. पडून खुब्याचं हाड मोडणं हेही काही लहान संकट नव्हे.

“आकडे कंपन्यांनी खाली आणले.” कंपन्या साधुसंत आहेत असं मी म्हणणार नाही, एमआर, म्हणजे कंपन्यांचे प्रतिनिधी, माझ्याही दुकानात येतात आणि नव्या महागड्या ब्रँडची तारीफ ऐकवतात. पण आकडा कुणाच्या अभ्यासातून खाली आला ते बघा. वरचा आकडा १२० च्या आत ठेवावा की १४० च्या, हे तपासणारा २०१५ चा ‘स्प्रिंट’ अभ्यास अमेरिकी सरकारच्या आरोग्य संस्थेच्या पैशाने झाला. त्यानंतर २०१७ मध्ये तिथे १३०/८० ची व्याख्या आली. भारतात ती जशीच्या तशी उचललेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सूचनांतही सर्वसाधारणपणे गोळी १४०/९० पासूनच सुरू करायला सांगितली आहे. ज्यांना आधीच हृदयविकार आहे त्यांच्यासाठी वरचा आकडा १३०. शिवाय ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन या बीपीच्या नेहमीच्या गोळ्यांची पेटंटं कधीच संपली. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळतात, जनऔषधी केंद्रात किरकोळीत. कट रचायचा तर कुणी याहून महागाचा माल निवडला असता.

“त्रास नाही तर गोळी कशाला?” इथे फार वेळ घालवायची गरज नाही. हाय बीपी बहुतेकांना जाणवतच नाही. डोकं दुखलं की बीपी वाढलं आणि नाही दुखलं की ठीक, हा अंदाज मशीनसमोर टिकत नाही. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या इस्पितळांतला अभ्यास प्रसिद्ध झाला, खालचा आकडा ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांचा. औषध न मिळालेल्या ७० जणांत २७ गंभीर घटना घडल्या, औषध मिळालेल्या ७३ जणांत दोन. या अभ्यासाकडे पुन्हा येतो, कारण त्यात आपली सर्पगंधा आहे.

“गोळी एकदा सुरू झाली की सुटत नाही.” सगळ्यात जास्त माणसं अडकतात ती इथे. गोळीची चटक लागते, अशी भीती त्यामागे असते. बहुतेकांना गोळी दीर्घकाळ लागते, पण ती बीपी टिकून राहतं म्हणून. गोळी बीपी आटोक्यात ठेवते, मुळातून उपटत नाही. आणि सुटतच नाही हेही खोटं: आठ-दहा किलो वजन उतरवलं, मीठ खरंच कमी केलं, दारू सोडली, तर डॉक्टर डोस उतरवतात, काहींची गोळी बंदही करतात. पायरी पायरीने आणि मोजत मोजत.

मग मेसेजखाली “मी गोळी सोडली, चौथ्या दिवशी बीपी १२८” असे अनुभव कसे येतात? ॲम्लोडिपिन शरीरातून फार हळू बाहेर पडतं. घेतलेल्या औषधाचा निम्मा भाग जायलाच ३० ते ५० तास लागतात. रोज गोळी घेणाऱ्याच्या अंगात तिचा साठा असतो. सोमवारी गोळी सोडली आणि शेवग्याचा रस सुरू केला, तर गुरुवारी दिसणारं बीपी बरंचसं जुन्या गोळीचंच असतं. श्रेय रसाला जातं. आकडा पुढच्या दिवसांत हळूहळू वर सरकतो, तोपर्यंत त्या माणसाने मेसेज दहा जणांना पाठवलेला असतो.

सगळ्या गोळ्या इतक्या सोशिक नसतात. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉल या गटातली गोळी एकदम बंद केली तर नाडी धावू लागते, हृदयविकार असलेल्याला छातीत दुखू शकतं, झटकाही येऊ शकतो. क्लोनिडिन अचानक थांबवलं तर बीपी झपाट्याने उसळतं, कधी आधीपेक्षाही वर. मेसेज वाचणाऱ्याच्या स्ट्रिपवर यातलं कुठलं नाव आहे हे लिहिणाऱ्याला ठाऊक नाही, तरी तो सरसकट “आजच बंद करा” म्हणतो. मला राग येतो तो याचा.

“किडनी खराब होते.” डायलिसिसवरचे बरेच पेशंट बीपीच्या गोळ्या घेत असतात, म्हणून लोक उलटा निष्कर्ष काढतात. अनेकांच्या किडन्या वर्षानुवर्षं चढलेल्या बीपीने आणि मधुमेहाने निकामी झालेल्या असतात. १९९३ मध्ये मधुमेही रुग्णांवरच्या कॅप्टोप्रिलच्या अभ्यासात किडनीचं काम ढासळण्याचा धोका जवळपास निम्म्यावर आला होता. मेसेजकर्त्याला आधार मिळतो तो दुसऱ्या गोष्टीतून: रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टन सुरू केल्यावर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा, थोडं वाढू शकतं. साधारण ३० टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर सहसा चालवून घेतात, त्याहून जास्त असेल तर कारण शोधतात. म्हणूनच सुरुवातीला दोन-चार आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायला सांगतात. ती तपासणी टाळून तीच चिठ्ठी वर्षभर फिरवणारे मी बघतो. गर्भवतीने किंवा गर्भ राहण्याचा विचार असणाऱ्या बाईने रॅमिप्रिल आणि टेल्मिसार्टन यांच्या गटांतल्या गोळ्या घेऊ नयेत, बाळाला धोका असतो. डॉक्टर दुसरी गोळी देतात.

त्रास होतात, हेही कबूल. ॲम्लोडिपिनने घोटे सुजतात, रॅमिप्रिल-एनालाप्रिलने कोरडा खोकला लागतो, लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी, विशेषतः वयस्कांच्या, रक्तातलं सोडियम घसरतं. डॉक्टरांना सांगितलं तर गोळी बदलता येते. प्रत्यक्षात लोक खोकल्याची बाटली मागायला माझ्याकडे येतात.

किडनीचीच काळजी असेल तर घरातल्या पेनकिलरकडे बघा. गुडघ्यांसाठी रोज डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतलं तर बीपी चढतं. त्यात टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, आणि वर जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पाणी गेलं असेल, तर किडनीला खरोखर इजा होते. मेसेजमध्ये याबद्दल एक ओळ नाही.

“सर्पगंधा घ्या, नैसर्गिक आहे.” ही सूचना वाचून मला थोडं हसूच आलं. मुंबईच्या केईएम इस्पितळातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा हाय बीपीच्या रुग्णांना देऊन त्याचा अभ्यास १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला आणि जगाचं लक्ष या मुळीकडे वळलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतल्या संशोधकांनी तिच्यातलं बीपी उतरवणारं द्रव्य, रिसर्पिन, वेगळं केलं. वर सांगितलेल्या १९६७ च्या अभ्यासात दिलेल्या तीन औषधांपैकी एक हेच रिसर्पिन. म्हणजे सर्पगंधा गुणकारी आहे, आणि तिनेच गोळ्यांच्या बाजूने साक्ष दिली आहे. पुढे ती मागे पडली, कारण मोठ्या डोसने माणसं उदास होत, नाक चोंदे, सुस्ती येई. शिवाय मुळीच्या चूर्णात अर्क किती हे प्रत्येक पुडीत वेगळं. बीपीची गोळी चालू असताना ही पुडी घेणं म्हणजे मोजमाप नसलेलं आणखी एक औषध घेणं.

लसणाने आकडा थोडाफार उतरतो. भाजीत, चटणीत जरूर खा, गोळीच्या जागी नको. खोकल्यावर म्हणून रोज चघळलं जाणारं ज्येष्ठमध मात्र बीपी वाढवतं आणि पोटॅशियम घटवतं. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं, तेव्हा टेल्मिसार्टन-रॅमिप्रिल घेणाऱ्याने किंवा किडनीच्या रुग्णाने ते विचारल्याशिवाय सुरू करू नये. साध्या मिठाची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम, लहान सपाट चमचाभर, त्यात लोणचं, पापड, फरसाण सगळं आलं.

काउंटरवर दिसणारी एक गफलत इथेच सांगून टाकतो. ब्रँडच्या नावामागची अक्षरं वाचा: ‘एएम’ म्हणजे बहुधा ॲम्लोडिपिन जोडलेलं, ‘एच’ म्हणजे हायड्रोक्लोरोथायाझाइड हे लघवी वाढवणारं औषध. एका डॉक्टरांची टेल्मिसार्टन आणि दुसऱ्यांची वेगळ्या नावाची, पण टेल्मिसार्टनचीच ‘एएम’वाली गोळी एकाच डब्यात असेल तर टेल्मिसार्टन दोनदा पोटात जातंय. स्ट्रिप कापून चार गोळ्या नेल्या की नाव एका तुकड्यावर, मुदतीची तारीख दुसऱ्यावर. नाव आणि तारीख दिसेल अशी स्ट्रिप मागून घ्या.

मेसेज वाचून ज्यांनी गोळी आधीच बंद केली आहे त्यांच्यासाठी. राहिलेल्या दिवसांच्या गोळ्या एकदम घेऊ नका. पाठ टेकून, पावलं जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. पट्टा उघड्या दंडावर, हात छातीच्या पातळीला, मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. आकडे लिहून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा आणि कुठली गोळी किती दिवस बंद आहे ते सांगा. १८०/१२० च्या पुढे आकडा आला पण बाकी काही होत नसेल तर शांत बसून पुन्हा मोजा, आणि तसाच असेल तर डॉक्टरांना लगेच गाठा. जुन्या सवयीने निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली धरू नका, बीपी धाडकन उतरून मेंदूचा झटका आल्याचे दाखले आहेत. छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, हात किंवा पाय लुळा पडणं, बोबडी वळणं यातलं काहीही असेल तर मशीन बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा.